हाय टेन्शन काम : वायररोपला ताण आल्यावर माणसं कुठं उभी करायची?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. आमचा १२ टन वजनाचा जुना प्रेस मागच्या शेडमधून पुढच्या शेडमध्ये न्यायचाय. अंतर साधारण ४० मीटर, मध्ये एक काटकोनी वळण आणि शेवटी थोडा चढ. छत खाली असल्यामुळं क्रेन आत येत नाही. म्हणून पाइपचे रूळ टाकून विंचनं, म्हणजे वायर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रानं, ओढायचं ठरलंय. विंच ५ टनी, वायररोप १६ मिमी, आणि वळणावर शेडच्या खांबाला कप्पी.

त्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे, त्यामुळं मालक म्हणाले, "तेवढं रिस्क असेसमेंट लिहून ठेव." गेल्या वर्षीचा कागद काढला. त्यात असं : धोका – वायररोप तुटणे. शक्यता १, तीव्रता ४, गुण ४, रंग हिरवा. उपाय – हेल्मेट, हातमोजे, कामगारांना सूचना. खाली सही माझीच. हेल्मेटनं तुटलेली वायर अडते होय? लिहिताना मला हा प्रश्न कसा पडला नाही कुणास ठाऊक.

तर विचारायचं एवढंच, ताण आल्यावर कोण कुठं उभा राहणार हे तुम्ही कसं ठरवता? नुसत्या अंदाजानं, की त्यामागं काही हिशेब असतो?

कुंदाप्रेमी

शीर्षक वाचून वाटलं ११ केव्हीच्या तारेबद्दल आहे. आत आलो तर प्रेस. असो, आमच्याकडं रोजच हाय टेन्शन. काल बायकोनं विचारलं, "काय झालं हाय तुम्हाला?" म्हटलं, "टेन्शन हाय."

खलाशी_मामा

खांबाला कप्पी वाचून उठून बसलो. बाकीचं नंतर लिहितो, आधी सांगा, खांब कसला आहे? आय-बीम की पाइप? पायाचे बोल्ट दिसतात का?

उद्यमबागकर

@मामा, १५० चा आय-बीम. बोल्ट दिसतात, चार आहेत. एकाचा नट नाही.

खलाशी_मामा

झालं तर मग. तो खांब वरचं पत्र्याचं ओझं पेलायला उभा केलाय, आडवं ओढून घ्यायला नाही.

माझी बत्तीस वर्षं याच कामात गेली. गुऱ्हाळाच्या चरकापासून साखर कारखान्याच्या मिल रोलरपर्यंत सगळं ओढलंय. माणूस वायरीकडं बघतो, पण निम्म्या वेळा वायर तुटतच नाही. वायर ज्याला बांधलीय ते सुटतं. कप्पीचा हूक उघडतो, शॅकलची (यू आकाराच्या जोडकडीची) पिन निघते, खांबाचं कान उपटतं. मग वायर नुसती सपकन येत नाही, टोकाला पाच किलोचं लोखंड घेऊन येते.

आणि वळणाला कप्पी असली की वायरीचा कोन होतो ना, त्या कोनाच्या आत कुणालाच उभं करू नका. कप्पी सुटली की ती आतल्याच अंगाला येते. नवी पोरं नेमकी तिथंच जाऊन उभी राहतात, कारण तिथनं दोन्हीकडचं दिसतं.

गावठी_इंजिनिअर

मामांच्या बोलण्याला आकडे जोडतो. चांगल्या काँक्रीटवर, रुळांवर १२ टन ओढायला वजनाच्या पाचेक टक्के ताण पुरतो, म्हणजे ६०० ते ७०० किलो. शेवटी दहा फुटाला एक फूट असा चढ असेल तर त्यात आणखी १.२ टन. म्हणजे दोन टनांत काम झालं, ५ टनी विंच भरपूर. असंच वाटतं ना? इथंच सगळे फसतात.

पाइप तिरका झाला किंवा फरशीच्या फटीत बसला की प्रेस थांबतो, पण विंच काही थांबत नाही. त्या क्षणापासून वायरीवरचा ताण प्रेस ठरवत नाही, विंच ठरवते. म्हणजे ५ टन, आणि तिची ओव्हरलोड लिमिट बिघडलेली असेल तर त्याहून जास्त. त्यामुळं हिशेब ओझ्याचा नको, ओढणाऱ्याच्या ताकदीचा करा.

आता कप्पी. वायरीत ५ टन असतील तर काटकोनी वळणावर कप्पीवर आणि तिच्या बांधणीवर सुमारे ७ टन येतात. वायर वळून परत त्याच दिशेला आली तर १० टन. तुमच्या एक नट नसलेल्या खांबावर ७ टन आडवे.

आणि १६ मिमीची साधी सहा पदरी वायररोप नवी असताना १५ टनांच्या आसपास तुटते. पाचपट सुरक्षा धरली तर ती ३ टनांची झाली. म्हणजे विंच तुमच्या वायरीपेक्षा दांडगी आहे.

निपाणीकर

एवढा हिशेब करत बसलं तर प्रेस पुढच्या दसऱ्याला हलणार. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत बेलिंग मशीन ट्रॅक्टरनं ओढून आणलं, अर्ध्या दिवसात, काही झालं नाही. फॉर्म भरून कुणाचा जीव वाचल्याचं ऐकिवात नाही. अनुभवी माणूस उभा करा, बस्स.

ऊसवाला_चिकोडी

@निपाणीकर, अनुभवी माणूस म्हणजे कोण ते सांगतो. आमचे थोरले काका. चाळीस वर्षं ट्रॅक्टर.

दोन वर्षांमागं गळीत हंगाम सुरू झाला आणि अवकाळी आला. काळ्या रानात उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या अक्षापर्यंत रुतल्या. पुढं दुसरा ट्रॅक्टर लावला, मध्ये वायर. ताणून हलेना म्हणून काका म्हणाले, "मागं घे, ढिली कर आणि झटका दे." पहिल्या झटक्याला ट्रॉली इतभर सरकली. दुसऱ्या झटक्याला वायर ट्रॉलीच्या अंगाकडनं तुटली आणि ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डवर बसली. पत्रा असा फाटला की कोयत्यानं कापल्यागत. काका दोन मिनिटांपूर्वी तिथंच मडगार्डला टेकून बिडी पेटवत होते. काडी विझली म्हणून पुढच्या चाकाच्या आडोशाला गेले, एवढंच.

नंतर काका घरी आले, कुणाशी बोलले नाहीत, जेवले नाहीत. बिडी मात्र सुटली नाही. म्हणतात, "बिडीनंच वाचवलं."

कुंदाप्रेमी

म्हणजे बिडीच्या पाकिटावर 'आरोग्यास हितकारक' छापायला पाहिजे.

गावठी_इंजिनिअर

@ऊसवाला, झटक्याचा ढोबळ हिशेब करून बघा. दोन टनाचा ट्रॅक्टर ताशी दहा किलोमीटरनं निघाला, म्हणजे माणूस पळतो तेवढा वेग. वायर ढिली होती ती एकदम ताणली. पोलादी वायर फारशी ताणत नाही, समजा दहा सेंटीमीटरमध्ये ट्रॅक्टर थांबला. सरासरी ताण पावणेआठ टनांच्या आसपास, शेवटच्या क्षणी त्याच्या दुप्पट, म्हणजे १५ टन. वर १६ मिमीचा आकडा बघा. नवी वायर तुटायच्या काठावर, मग तुमची जुनी कुठली टिकायला? ट्रॅक्टरनं काही जोर लावला नव्हता, नुसता वेग होता.

आणि अजून एक. ट्रॅक्टरला वायर नेहमी खालच्या हुकालाच. वरच्या लिंकला बांधून ओढलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. ते तर वायर न तुटताही होतं.

ऊसवाला_चिकोडी

खालच्याच हुकाला होती. पण खरं सांगतो, गावात निम्मे लोक वरच बांधतात, वाकायला नको म्हणून.

आता माझा पुतण्या म्हणतो वायर सोडा, नायलॉनचा जाड दोर घ्या, तो ताणतो, झटका बसत नाही. हे बरोबर की चूक?

समुद्रपक्षी

मी खानापूरचा, पण पंधरा वर्षं मर्चंट नेव्हीत. दोर हा आमचा रोजचा विषय, म्हणून मध्ये पडतो.

नायलॉन झटका खातो हे खरं. पण खाल्लेला झटका कुठं जातो? दोरात साठतो. पाच टन ताणाखाली दोर एक मीटर ताणला असेल तर त्यात साठलेली ऊर्जा साधारण एक टनाची गाडी ताशी २५ किलोमीटरनं जाते तेवढी. दोर तुटला की ती सगळी टोकाला येते, आणि टोकाला शॅकल असेल तर शॅकलला. पोलादी वायर तेवढ्याच ताणाला कमी ताणते म्हणून ऊर्जा कमी साठते, पण वजनदार असते आणि कापते. म्हणजे दोन्हीही चावतात, फक्त चावायची तऱ्हा वेगळी. नायलॉन घेणार असाल तर ओढायच्याच कामासाठी बनवलेला घ्या, आणि दोन्ही टोकांना लोखंड शक्यतो नको. भिजला की नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, आणि तुमचं काम नेमकं चिखलातच असतं.

मूळ प्रश्नावर. जहाजावर पूर्वी डेकवर पिवळ्या रंगानं पट्टे आखायचे : या पट्ट्यात उभं राहायचं नाही, दोर तुटला तर इथंच येईल. २०१५ च्या २ मार्चला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदरात 'झर्गा' नावाच्या गॅसवाहू जहाजाचा बांधणीचा दोर तुटला आणि डेकवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला जबर मार लागला. दोर नव्या जातीचा होता, तो तुटला तरी उसळत नाही असा सगळ्यांचा समज. पण त्याच्या टोकाला लवचीक दोराचा तुकडा जोडलेला होता, आणि सगळी उसळी त्या तुकड्यानं पुरवली. ब्रिटनच्या खलाशांसाठीच्या संहितेतही आता असे पट्टे रंगवू नका असंच म्हटलंय, कारण पट्ट्याबाहेर उभा असलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. दोर खुंट्याला, कप्पीला, कठड्याला घासून वाट बदलतो. ताणात असलेलं अख्खं डेकच धोक्याचं धरायचं.

म्हणून @उद्यमबागकर, 'कुठं उभं करू' हा प्रश्न मी उलटा विचारीन. उभं करायचंच कुणाला आणि कशाला?

मोटेवाला_आजोबा

समुद्राचं मला कळत नाही, विहिरीचं कळतं. मी तरुणपणी हुक्केरी, संकेश्वरकडं यारीवर होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यारी म्हणजे विहीर खणताना मुरूम वर काढायचं यंत्र. वर डिझेल इंजिन, आडवा बाहू, वायर, खाली लोखंडी डोल. खाली ५० फुटांवर चार माणसं घमेली भरतात आणि दगडांनी भरलेला डोल त्यांच्या डोक्यावरनं वर जातो. वर बघू नका म्हणायचे आम्हाला. वर बघून करणार काय, भिंतीला चिकटायचं.

आमचा मुकादम रोज सकाळी जुन्या धोतराचा तुकडा घ्यायचा, वायर त्यात धरायचा आणि इंजिन सावकाश फिरवून अख्खी वायर फडक्यातून जाऊ द्यायचा. जिथं फडकं अडकलं तिथं तार तुटलेली. तिथं तो चुना लावायचा. संध्याकाळी परत. दोन चुन्याचे ठिपके जवळजवळ आले की वायर बदलायला मालकाशी भांडायचा. शिकलेला नव्हता. अंगठा लावायचा.

मोटेचा नाडा माझे वडील हातानं चाचपायचे, वायरीला हात लावू नका. तुटलेली तार हाताचं सालटं काढते.

गावठी_इंजिनिअर

आजोबा, साष्टांग नमस्कार. तुमच्या मुकादमाची पद्धत आज पुस्तकात छापलेली आहे. नियम असा : वायरीचा एक पदर पूर्ण एक वेढा घेतो तेवढ्या लांबीत एकूण सहा तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पदरात तीन, तर चालत्या वायरीला रामराम. शिवाय जाडी मोजायची. १६ ची १४.५ झाली असेल तर तुटलेली तार एकही न दिसो, ती आतून गेलेली आहे. चिमटलेली, गाठ पडून सरळ केलेली, वेल्डिंगची ठिणगी लागलेली, सगळ्या भंगारात.

जांबोटीकर

मी चोर्ला घाटात रिकव्हरी क्रेनवर हेल्पर होतो चार वर्षं. दरीत गेलेले ट्रक काढायचे. इथं सगळे वायरीचं बोलालेत, मी बोलायचं सांगतो.

आमचा ऑपरेटर गोकाकचा, कन्नड. मी मराठी. तिसरा हेल्पर बिहारचा. रात्र, धुकं, इंजिनाचा आवाज. ट्रक काठावर आलेला, वायर ताणलेली, मी खाली चाकाला ओंडका लावतोय. खालच्या कन्नड ड्रायव्हरनं ओरडून सांगितलं "बिडु, बिडु", म्हणजे सोड, ढिली कर. बिहारच्या पोराला मराठी थोडं यायचं, त्याला ऐकू आलं "भिडव". त्यानं वर जाऊन ऑपरेटरला हातानं 'घे' असं दाखवलं. वायर अजून ताणली. ओंडका माझ्या हातातनं उडून दरीत गेला. हात नाही गेला, हे नशीब.

त्यानंतर ठरलं की खूण एकानंच करायची, तीसुद्धा हातानं, रात्री टॉर्चनं. तोंडानं काहीच नाही. फक्त 'थांब' कुणीही म्हणावं, कुठल्याही भाषेत, आणि ऑपरेटरनं थांबायचं, मग विचारायचं. आपल्या भागात ही गोष्ट कागदावर पहिली यायला पाहिजे, तुमच्या शॉपमध्येही तीन भाषा असतीलच की.

कुंदाप्रेमी

सीमाप्रश्न इथं पण आला! 😄 आयोग नेमा.

जांबोटीकर

नको बाबा, आयोग नेमला तर प्रेस १९५६ पासनं तिथंच राहील.

उद्यमबागकर

हसून घेतलं. आता खरं सांगतो. काल आजोबांचं वाचून फडकं घेऊन बसलो. ३५ मीटर वायरीत नऊ ठिकाणी अडकलं, त्यातल्या पाच जागा टोकाच्या अडीच मीटरमध्ये. शिवाय टोकाचा डोळा यू क्लॅम्पनं केलाय. तीन क्लॅम्प आहेत, तिन्हींचं तोंड वेगवेगळ्या दिशेला. यात बरोबर कुठलं?

खलाशी_मामा

क्लॅम्पची खोबणीवाली बैठक ओझ्याच्या लांब वायरीवर, आणि यू चा वाक आखूड शेपटीवर. तिन्ही एकाच दिशेला. यू चा वाक लांब वायरीवर आला की तो तिला चेंगरतो, आणि वायर तिथंच जाते. १६ मिमीला तीन क्लॅम्प पुरतात, एकमेकांपासून चार बोटांवर. डोळ्यात थिंबल, म्हणजे वायर चेपू नये म्हणून आतनं बसवायची खोबणीची कडी, पाहिजे. आणि पहिला ताण देऊन झाला की परत आवळायचे, कारण ताणानं वायर बारीक होते आणि नट ढिले पडतात. हे शेवटचं कुणीच करत नाही.

वायरीला गाठ मारलेली तर नाही ना? मारली असेल तर सांगूच नका, मला रक्तदाब आहे.

काकतीची_सून

मी एका फॅब्रिकेशनवाल्याकडं खरेदी बघते. पुरुष मंडळी वायरीवर बोलून दमली असतील तर शॅकलवर बोलते.

बाजारात एकाच मापाचे दोन शॅकल मिळतात. एकावर सुरक्षित भार, उत्पादकाची खूण कोरलेली आणि चाचणीचं प्रमाणपत्र. दुसऱ्यावर काहीच नाही, गुळगुळीत. किमतीत तिपटीनं फरक. मालक मला विचारतात, "दोन्ही लोखंडच ना?" गेल्या वर्षी मी महागडे घेतले तर महिनाभरात त्यातल्या चारपैकी तीन शॅकलच्या पिना गायब. कामगारांनी त्यात सापडेल तो बोल्ट घातलेला. साधा बोल्ट! पिनेची ताकद गेली, म्हणजे शॅकल गेला. आता पिना साखळीनं शॅकलला बांधून ठेवते, मंगळसूत्रासारख्या.

कायद्याचंही सांगते, ऑडिटवाला विचारेल. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम २९ उचलण्याच्या यंत्रांसाठी, साखळ्या-दोर आणि टॅकलसाठी होतं; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार सुरक्षा संहिता आलीय. त्या कलमात होतं : सक्षम व्यक्तीकडून वर्षातून निदान एकदा कसून तपासणी, त्याचं रजिस्टर आणि सुरक्षित भाराची नोंद. ओढायच्या वायरीचं रजिस्टर ठेवलेला शॉप मी तरी अजून पाहिला नाही.

निपाणीकर

ताई, रजिस्टर ठेवून वायर तुटायची थांबते का?

काकतीची_सून

नाही. पण कुणीतरी वायरीकडं बघितलेलं असतं, वर्षातून एकदा का होईना. तुमच्या वखारीतल्या वायरीकडं शेवटचं कधी बघितलं?

निपाणीकर

...ती ट्रॅक्टरवाल्याची होती.

तारमास्तर

लाइनमन आहे. कुंदाप्रेमींचा हिरमोड झाला म्हणून तारेवरचं सांगतो, पण वीज नसलेल्या तारेवरचं.

पोल बदलताना लोक विजेला घाबरतात, ते बरोबरच. पण लाइन बंद करून अर्थ केली की सगळे निवांत होतात, आणि तिथंच तार माणूस पाडते. पोल उभा असतो तो दोन्हीकडच्या तारांच्या सारख्या ओढीवर, आणि शेवटच्या पोलला ओढ तोलून धरतो तो ताण, म्हणजे मागची स्टे तार. एका बाजूची तार सोडली किंवा स्टे आधी कापली की पोल दुसऱ्या बाजूला झुकायला लागतो. वर माणूस, कमरेचा पट्टा पोललाच. म्हणून आम्ही आधी तात्पुरता ताण बांधतो, टर्फरनं, म्हणजे हातानं चालवायच्या विंचनं, ओढ घेतो, मगच हात लावतो.

तुमच्या प्रेसचं तेच. ओढताना काय सुटेल ते सगळे बघतात. काम संपल्यावर ताण कसा उतरवायचा ते कोण बघतंय? चढावर प्रेस उभा आहे, वायर ताणलेली आहे, आणि कुणीतरी 'झालं' म्हणून शॅकलची पिन हातोडीनं ठोकतोय. त्याला थांबवा. आधी चाक-अडणी, मग विंच ढिली, वायर लोंबलेली दिसली की मग पिन.

गावठी_इंजिनिअर

हे फार नेमकं.

आणि @उद्यमबागकर, त्या 'शक्यता १ × तीव्रता ४ = हिरवा' बद्दल. गुणाकार करून माणूस मेल्याचा हिरवा रंग होत असेल तर कोष्टकच चुकीचं. शक्यता १ कुठून आणली? वायर कधी तपासली नव्हती म्हणजे शक्यता माहीतच नव्हती. माहीत नाही त्याला १ लिहिणं म्हणजे गुळाच्या ढेपेला मुंगळा नाही म्हणणं. मी कोष्टक भरायच्या आधी जमिनीवर खडूनं वायर काढतो. विंच, कप्पी, बांधणी, ओझं. मग प्रत्येक जोडावर बोट ठेवून विचारतो : हा सुटला तर काय उडेल आणि कुठं जाईल? सगळ्यांना घेऊन, झाडूवालीलाही. मागच्या वेळी आमच्या झाडूवालीनंच सांगितलं की त्या दारातनं जेवायच्या सुट्टीत चहावाला येतो. आमच्या कागदावर चहावाला नव्हताच.

ऊसवाला_चिकोडी

वायरीवर मधोमध ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटली तरी खाली पडते, असं आमच्याकडं करतात. यात तथ्य आहे का?

समुद्रपक्षी

थोडं. वजनानं ती उसळी खाली दाबली जाते. पण पोतं टाकलं म्हणून जवळ उभं राहायचं असेल तर न टाकलेलं बरं.

खलाशी_मामा

मी पोत्याचा माणूस. चाळीस किलो वाळूचं टाकतो, ओलंबिलं नाही. पण पक्षीमहाराजांचं बरोबर, टाकून लांब जायचं.

उद्यमबागकर

मंडळी, प्रेस हलला. उशिरा लिहितोय, ऑडिट होतं मध्ये.

वळणच काढून टाकलं. कप्पी नाही, खांब नाही. पहिला सरळ टप्पा ओढला, वळणावर प्रेस जॅकवर घेऊन फिरवला, विंच उचलून दुसऱ्या टोकाला नेली आणि जुन्या हॅमर मशीनच्या पायाच्या बोल्टांना बांधली, मग दुसरा टप्पा. वायररोप नवी घेतली, २२ मिमी. मालक कुरकुरले. मी त्यांना मडगार्डची गोष्ट सांगितली, तर ते गप्प झाले, कारण त्यांचं शेत अथणीला आहे.

विंचच्या पेंडंटची, म्हणजे चालू-बंदच्या बटणपेटीची, केबल वाढवून ऑपरेटरला भिंतीआड नेला, तिथं आरसा लावला. अडचण राहिली ती पाइप सरकवणाऱ्याची. मागचा पाइप काढून पुढं टाकायला कुणीतरी वायरीजवळ जाणारच. त्यावर ठरवलं की विंच बंद, वायर हातानं हलवून ढिली दिसली पाहिजे, मगच माणूस आत जाणार. तो बाहेर येऊन हात वर करणार, मग विंच चालू. असं साठ-सत्तर वेळा झालं. अर्ध्या दिवसाचं काम दीड दिवसाला गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाइप फरशीच्या सांध्यात बसला. प्रेस थांबला आणि वायर करकरली. नवी असून तो आवाज ऐकून पोटात गोळा आला. तेवढ्यात आमचा एक जुना कामगार पहार घेऊन धावला, पाइप उचकटायला. कुणी सांगितलं नव्हतं, सवयीनं धावला. तिघांनी एकदम 'थांब' म्हटलं, एकानं "निल्लु" पण म्हटलं. विंच थांबली, तोही थांबला, वायरीपासून चार पावलांवर. मग ढिली करून पाइप काढला. संध्याकाळी तो मला म्हणाला, "साहेब, मला माहीत होतं हो जायचं नाही ते. पाय गेले."

या 'पाय गेले'चं काय करायचं, हे कागदावर कसं लिहायचं कळलं नाही. शेवटी दोरी बांधून जागा बंद केली आणि पहार दोरीबाहेर, ऑपरेटरच्या ताब्यात ठेवली.

ऑडिटवाल्यानं कागद बघितला. 'आरसा' वाचून म्हणाला, हे कुठून आणलं? म्हटलं, चोर्ला घाटातनं, प्रत्येक वळणाला असतो.

जांबोटीकर

आपला फायदा झाला म्हणायचा! कुंदा कधी?

मोटेवाला_आजोबा

पहारीचं चांगलं केलंत.

ऊसवाला_चिकोडी

अभिनंदन उद्यमबागकर. एक विचारायचं राहिलं, त्या जुन्या १६ मिमीचं काय केलं?

उद्यमबागकर

गॅस कटरनं तीन-तीन फुटांचे तुकडे केले आणि भंगारात घातली. भंगारवाला फार हळहळला. म्हणाला, अखंड दिली असती तर दुप्पट भाव दिला असता, हंगाम तोंडावर आलाय, ट्रॅक्टरवाले डोळे झाकून नेतात.

ऊसवाला_चिकोडी

माझी वायर कुठनं आली होती ते आत्ता कळलं.